नववीच्या स्पॅनिशसाठी लघुपट: १२ तासिकांत काय जमतं, काय नाही?

तिसरीभाषा

पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीला स्पॅनिश शिकवते. मुलं २८, स्पॅनिशचं तिसरं वर्ष, ए१ संपून ए२ (युरोपीय मोजपट्टीतली भाषेची दुसरी पातळी) सुरू झालंय. लिहितात ठीक, पण बोलायची वेळ आली की सगळा वर्ग मुका. या सत्रात प्रकल्प म्हणून गटागटाने स्पॅनिश लघुपट करून घ्यायचं ठरलं आहे. हाताशी ४० मिनिटांच्या १२ तासिका (आठवड्याला ३), शाळेचे ६ टॅब आणि संगणक कक्ष. मुलांना फोन आणायची परवानगी नाही. खर्चाला हजार-दीड हजार मिळतील, त्यापुढे नाही.

गट केवढे करावेत आणि लघुपट केवढा? संहिता भाषांतराच्या अ‍ॅपवरून उतरवून आणली तर सराव कसला होणार? वर्गात टॅबवर चित्रण केलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, त्यावर स्वस्तातला उपाय काय? आणि चौघांतला एक कॅमेऱ्यामागे, एक एडिटिंगला बसला, तर ते दोघं स्पॅनिश बोलणार कधी?

ज्यांनी वर्गात हे करून घेतलंय त्यांनी नेमकं सांगा. "मुलांना मजा येते" एवढं मलाही माहीत आहे :)

कोर्तोवाला

आधी गणित. चौघांचे ७ गट, प्रत्येकी अडीच मिनिटं. सगळे मिळून साडेसतरा मिनिटं होतात, म्हणजे एका तासिकेत दाखवून वर प्रश्नोत्तरांना वेळ उरतो. पाच मिनिटांचे करायला घेतलेत तर चित्रण आवरत नाही आणि मुलं पाठांतरातच अडकतात.

ए२ ची मुलं अभिनय करत, थांबत बोलतात तेव्हा मिनिटाला ८०-९० शब्दांच्या वर जात नाहीत. दार उघडणं, शोधणं, एकमेकांकडे बघणं यात अर्धा-पाऊण मिनिट जातं. त्यामुळे संहिता १६० ते १८० शब्दांची, दर मुलाला ४०-४५ शब्द, म्हणजे सहा-सात वाक्यं. एक वाक्य ८-१० शब्दांच्या आत. "पोर्के" (कारण), "पेरो" (पण), "कुआन्दो" (जेव्हा) एवढ्यांवर वाक्यं जोडू द्या, त्यापुढे नको.

फक्त कॅमेरामन असा कुणीही नाही, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. लघुपटात तीन दृश्यं, दर दृश्यात कॅमेरा वेगळ्याच्या हातात. पडद्यावर यायला लाजणाऱ्याला फोनवरचा आवाज, स्टेशनवरची घोषणा, बातमी वाचणारी, निवेदक यांतलं काही द्या. चेहरा नसला तरी चालेल, शब्द मात्र बाकीच्यांइतकेच.

कथानक मुलांवर सोडलंत तर बहुतेक गट भूत नाहीतर खून आणतात, आणि किंकाळ्यांत व्याकरण नसतं. एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा ते सहज देत नाहीये, एवढी एक अडचण पुरते. तीन बीजं देतो, गटांना यांतूनच निवडू द्या.

हरवलेलं दप्तर: इथे "एस्तार" (कुठे "असणं") आणि जागा सांगणारे शब्द (एन्सिमा दे, देबाखो दे, आल लादो दे) आपोआप येतात. दप्तर कसं आहे हे सांगताना "सेर" (कसं "असणं") येतं, आणि "काल इथेच ठेवलं होतं" म्हणताना साधा भूतकाळ.

चुकीच्या घरी आलेलं पार्सल: "मला दे", "ते त्याला दिलं" यांसाठी मे, ते, लो, ला, ले ही छोटी सर्वनामं वापरल्याशिवाय कथा पुढेच सरकत नाही. शेजारच्या आजोबांशी "उस्तेद"ही (आदराचं "तुम्ही") लागतं.

दुकानात यादी मोठी, खिशात पैसे कमी: अंक, मापं, "प्रेफिएरो" (मला हे जास्त आवडेल), "नेसेसितो" (मला हवंय), घासाघीस.

आता भाषांतराचं अ‍ॅप. संहिता घरी लिहायला दिलीत की ते आलंच, तेव्हा ती वर्गात, कागदावर, पेनाने. त्याआधीच्या तासिकेला सहा चौकटी आखून घ्या. दर चौकटीत एक वेडंवाकडं चित्र आणि खाली एक क्रियापद, मूळ रूपात. दुसऱ्या दिवशी त्या क्रियापदांवरून संवाद लिहायचे. शब्दकोश चालेल, पण गटाला नवे शब्द जास्तीत जास्त १०. ते अधोरेखित करायचे आणि शेजारी ज्याने आणला त्याचं नाव लिहायचं. अ‍ॅपची संहिता लपत नाही: ए२ च्या वहीत "उबिएरा" किंवा "आउन्के सेआ" अशी बरीच पुढची रूपं दिसली की समजावं. ओरडण्यापेक्षा एक नियम बरा. जे वाक्य गटातल्या कुणालाही दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही ते संहितेतून जातं.

तपासताना वाक्यं दुरुस्त करून देऊ नका, समासात खुणा करा: "लिं" म्हणजे लिंग जुळत नाही, "क्रि" म्हणजे क्रियापदाचं रूप चुकलं, "सेए" म्हणजे सेर-एस्तारचा घोळ, "तु" म्हणजे "तू" आणि "उस्तेद"ची सरमिसळ. ही शेवटची चूक जवळजवळ प्रत्येक गटात असते. दुकानदाराशी "उस्तेद"ने सुरुवात होते आणि तिसऱ्या वाक्यात "तिएनेस" ("तू"चं रूप) येतं. मराठीत "काका, तुम्ही बस" असं कुणी म्हणत नाही, एवढं सांगितलं की पुरतं.

"मला आवडतं"साठी "यो गुस्तो" (शब्दशः "मी आवडतो") हीदेखील हमखास सापडणारी चूक, कारण मुलं इंग्रजीतून विचार करतात. त्यांना मराठीकडे वळवा. "मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात" यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. "मे गुस्ता एल मान्गो, मे गुस्तान लोस मान्गोस" यातही तसंच. विशेषणाचं लिंग-वचन जुळवायची सवय मराठी कानाला आहेच, फक्त कुठली वस्तू पुल्लिंगी आणि कुठली स्त्रीलिंगी हे पाठ करावं लागतं.

एक सूचना. मी इथे स्पॅनिश देवनागरीत लिहितोय, पण मुलांना संहितेत तसं लिहू देऊ नका. उच्चारासाठी कडेला लिहिलेली देवनागरीच मग वाचली जाते आणि परीक्षेत "ओला"तलं पहिलं मूक अक्षर गळतं.

एक_वीत_माइक

आवाजाचं मी सांगतो. भाषेच्या लघुपटात चित्र थोडं हललं तरी चालतं. संवाद ऐकू आला नाही तर हातात काहीच उरत नाही.

टॅबचा माइक बोलणाऱ्यापासून दोन मीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर तोंडातून थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंती, फरशी आणि बाकांवरून परतलेला आवाज जास्त पोहोचतो, म्हणून तो तसा पोकळ वाटतो. एडिटिंगमध्ये हा घुमारा नीट काढता येत नाही. उपाय एकच, माइक तोंडाजवळ न्यायचा.

तुमच्या पैशांत तारेचे साधे कॉलर माइक दोन-तीन येतील. हनुवटीखाली एक वीत अंतरावर, शर्टाच्या पट्टीवर लावा. ओढणी, टाय किंवा ओळखपत्राची दोरी त्यावर घासली की खरखर येते, ती आधीच बाजूला करा. घेताना पिन बघा. टॅबला लागते ती चार भागांची पिन, तिच्यावर तीन काळ्या रिंगा असतात. दोन रिंगांची पिन कॅमेऱ्यासाठी असते. ती टॅबला बसते खरी, पण टॅब तिला माइक म्हणून ओळखत नाही आणि गुपचूप स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करतो. हे ओळखायला रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माइकवर नखाने खरवडा. ऐकताना कर्र आवाज मोठा आला तर माइक चालू आहे. टॅबला गोल भोकच नसेल तर टाइप-सी अ‍ॅडॅप्टर लागेल. तो दुकानात टॅब नेऊन, हीच नखाची चाचणी करूनच घ्या. सगळे अ‍ॅडॅप्टर माइकचा आवाज आत घेत नाहीत.

दोघं बोलत असतील आणि माइक एकच असेल तर तो मध्ये टेबलावर, वहीच्या किंवा डब्याच्या आड ठेवा. टेबल ठोकायचं नाही, हे सांगून ठेवा. किंवा शिक्षकांचा फोन दुसरा रेकॉर्डर म्हणून तिथे लपवा, विमान मोडवर. त्या वेळी दृश्य सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवायची. एडिटिंगमध्ये टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की काम झालं. पुष्कळ फोन-टॅबवर फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो आणि लांबलचक क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे पडू शकतात. क्लिप मिनिटाच्या आत ठेवा, किंवा हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल स्थिर फ्रेमरेटला बदलून मगच एडिटिंगला घ्या.

जागा: रिकामा वर्ग सगळ्यात वाईट. ग्रंथालय उत्तम, पुस्तकं आवाज शोषतात. पंखे आणि एसी बंद. शाळेच्या घंटेचं वेळापत्रक हातात ठेवा, मधल्या सुट्टीच्या आधीच्या पाच मिनिटांत चित्रण लावू नका. दर जागेवर वीस सेकंद सगळ्यांनी गप्प राहून नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधल्या कापलेल्या जागी तीच भरायची असते, नाहीतर प्रत्येक कापाला खड्डा ऐकू येतो. घुरघुर कमी करायची तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरला याच शांततेचा नमुना द्या आणि ६ ते १२ डेसिबलच्या वर कमी करू नका. त्यापुढे माणसाचा आवाज पाण्याखालून येतोय असा होतो, आणि "स"सारखे घासून येणारे उच्चार आधी जातात, जे स्पॅनिशमध्ये अनेकवचनाला हवेच असतात.

आणि प्रत्येक दृश्य झालं की कॅमेरा बंद करून, माइक तोंडापासून वितीवर धरून, प्रत्येकाने आपली वाक्यं दोनदा नुसती बोलून ठेवायची. चित्रणात एखादा शब्द बुडाला तर तिथून उचलता येतो.

एडिसनकर

न्यू जर्सीत हायस्कूलला स्पॅनिश शिकवतो, थोडा वेगळा सूर लावतो.

अमेरिकेत भाषाशिक्षकांची संघटना आहे, अ‍ॅक्टफल. तिने संवादाचे तीन प्रकार मानले आहेत: समजून घेणं, समोरच्याशी देवाणघेवाण करणं आणि तयारी करून सादर करणं. संहिता लिहून, पाठ करून केलेला लघुपट तिसऱ्या प्रकारात बसतो. तुमची अडचण दुसऱ्यातली आहे: अचानक प्रश्न आला की मुलं गप्प होतात. पाठ केलेल्या सात वाक्यांनी ती सुटणार नाही.

म्हणून संहितेचं तिसरं दृश्य लिहायचंच नाही. दुकानाची कथा असेल तर दुकानदाराला एक चिठ्ठी द्या: काय शिल्लक आहे, काय भाव आहे, काय संपलं. गिऱ्हाइकाला दुसरी चिठ्ठी द्या: यादी आणि खिशातले पैसे. दोघांनी एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. एकच टेक, साठ सेकंद. अडखळणं कापायचं नाही. त्याआधी अडल्यावर सावरायची वाक्यं घोटून घ्या: "पेर्दोन, नो एन्तिएन्दो", "पुएदेस रेपेतिर?", "मास देस्पासियो, पोर फावोर", "कोमो से दिसे…?" आणि वेळ काढायला "पुएस…", "आ बेर…". ही तोंडात असली की मूल थांबत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते चुकलं असं वाटत नाही.

माझ्याकडे वर्गात मेक्सिकन, डॉमिनिकन घरांतली मुलं असतात. तुमच्याकडे तशी नसतील, पण एक गोष्ट तुम्हालाही लागेल. गटाने सुरुवातीलाच स्पेनचं स्पॅनिश की लॅटिन अमेरिकेतलं ते ठरवावं. स्पेनसारखं "बोसोत्रोस" (तुम्ही सगळे) म्हणायचं आणि "सिउदाद" (शहर) मात्र लॅटिन अमेरिकेसारखं "स"ने, असं इकडचं-तिकडचं मिसळू नये. बसला स्पेनमध्ये "आउतोबुस", मेक्सिकोत "कामिओन", पोर्तो रिकोत "ग्वाग्वा" म्हणतात. तेव्हा कथा कुठे घडते हे आधी ठरलं की शब्द निवडणं सोपं जातं.

कोर्तोवाला

एडिसनकर, तिसऱ्या दृश्याबद्दल सहमत. पण हे पहिल्याच आठवड्यात केलं तर साठ सेकंद शांतता मिळेल. आधी दोन लिहिलेली दृश्यं चित्रित होऊ द्या. मुलांच्या तोंडात त्या विषयाचे शब्द बसतात, मग चिठ्ठ्या.

शिवाय देवाणघेवाणीची खरी जागा चित्रणाचा सेटच आहे, ती लोक वाया घालवतात. सगळे हुकूम स्पॅनिशमध्ये. एका पुठ्ठ्यावर लिहून लटकवा: "सिलेन्सिओ, पोर फावोर", "प्रेपारादोस?", "सोनिदो?", "ग्राबान्दो", "एसेना दोस, तोमा त्रेस", "आक्सिओन!", "कोर्तेन!", "ओत्रा बेस", "मास आल्तो", "मास सेर्का", "नो मिरेस आ ला कामारा" (कॅमेऱ्याकडे बघू नकोस). शेवटच्या वाक्यातलं रूप ए२ ला अजून शिकवलेलं नसतं. व्याकरण न समजावता अख्खं वाक्यच पाठ करून घ्या, पुढे नकारार्थी आज्ञा शिकवताना कामी येतं. कॅमेऱ्यामागच्या मुलाचं बोलणं कधी होणार, हा तुमचा प्रश्नही इथे सुटतो. टेक चालू आहे की थांबलाय हे तोच ठरवतो, आणि ते स्पॅनिशमध्ये म्हणाल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

र्र_चा_सराव

उच्चारांवर कुणी लिहिलं नाही म्हणून.

इंग्रजी माध्यमाची मुलं "टोमाटे", "डोन्डे" म्हणतात. जीभ टाळूकडे जाते, ती दातांना लागायला हवी. "मराठीतला त आणि द" एवढं सांगून पहिल्याच दिवशी सुटणारी चूक आहे. "प, त, क"मध्ये हवा सोडायची नाही, मराठीत आपण सोडतच नाही. "पेरो" आणि "पेर्रो" (पण आणि कुत्रा) वेगळे ऐकू यायला "सर्रास", "भर्रकन" म्हणायला लावा. "व"साठी वेगळा उच्चार नाही, तो "ब"च, "बामोस".

अवघड पडतो तो आघात. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर) जोर, नाहीतर शेवटच्यावर, आणि अक्षरावर तिरकी रेघ असेल तर तिथेच. मराठीत जोर बदलून अर्थ बदलत नाही, म्हणून मुलांचा कान तिकडे जात नाही. "आब्लो"त जोर पहिल्यावर दिला तर "मी बोलतो", शेवटच्यावर दिला तर "तो बोलला". कथा भूतकाळातली असेल तर हा घोळ ठिकठिकाणी दिसतो. संहितेच्या अंतिम प्रतीत प्रत्येक शब्दाचा जोराचा अवयव हायलायटरने रंगवायला लावा. अर्धी तासिका जाते, पण नंतर टेक वाचतात.

लांब वाक्य जिभेवर बसत नसेल तर शेवटाकडून घ्या. आधी शेवटचे दोन शब्द, मग त्याआधीचे दोन जोडून, असं मागे मागे जायचं. सुरुवातीपासून पाठ केलेलं वाक्य शेवटाकडे पडतं. असं केलं की पडत नाही.

गुगलच्या कीबोर्डवर स्पॅनिश निवडून बोलून टाइप करायला लावायची युक्ती पुष्कळ जण वापरतात. सुटे शब्द तपासायला ठीक. पूर्ण वाक्यात ते संदर्भावरून अंदाज बांधतं आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहून दाखवतं, तेव्हा त्यावर गुण ठेवू नका.

तिसरीभाषा

भरपूर मिळालं, धन्यवाद. तीन शंका उरल्या. टॅब ६ आणि गट ७, हे कसं बसवायचं? टेक चालू असताना चूक झाली तर थांबवायचं का? आणि सरळ सगळं डबिंगच केलं तर माइकची भानगड टळेल ना?

कोर्तोवाला

टॅब: सगळ्या गटांनी एकाच तासिकेत चित्रण करायचंच नाही. सात गट एकदम ओरडायला लागले तर माइकवाल्यांनी सांगितलेलं सगळं पाण्यात. एका दिवशी चार गट चित्रणाला, तीन गट वर्गात दुसऱ्या कामाला (पोस्टर, शीर्षकपाट्या, वाचनाचा सराव). पुढच्या वेळी उलट.

तासिकांची वाटणी अशी: १ ला बीज निवडणं आणि गट, २ ला सहा चौकटी, ३ ला संहिता, ४ ला खुणा बघून पुनर्लेखन, ५ ला मोठ्याने वाचन आणि आघात, ६ ला उभं राहून तालीम आणि कॅमेरा कुठे ते ठरवणं. ७ आणि ८ चित्रण, शक्यतो जोड तासिका मागून घ्या. ९ ला चिठ्ठ्यांचं दृश्य आणि राहिलेलं. १०-११ एडिटिंग, १२ ला प्रदर्शन. तालमीची सहावी तासिका वाचवायचा मोह होतो. ती कापलीत तर सातवीत तालीमच होते.

चित्रण साधंच ठेवा. आधी सगळं दृश्य लांबून एका दमात, मग एकेकाचा जवळून. दोघं समोरासमोर असतील तर कॅमेरा एकाच बाजूला ठेवायचा, पलीकडे गेलात तर पडद्यावर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. १०८०पी पुरे, मिनिटाला साधारण १००-१५० एमबी जागा लागते. फोरकेवर टॅब भरतो आणि कक्षातले संगणक अडकतात. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरताना दिसले तर दिवे बंद करून खिडकीजवळ या. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, शटर १/५० किंवा १/१०० असेल तर पट्टे जातात, पण टॅबच्या साध्या कॅमेऱ्यात तो बहुतेक वेळा हाताने लावता येत नाही.

चूक: टेक चालू असताना थांबवू नका. मूल पुढच्या टेकला त्याच शब्दाची भीती घेऊन येतं. कागदावर टिपा आणि "कोर्तेन" झाल्यावर फक्त एक दुरुस्ती सांगा. अर्थ बदलत नसेल तर तीही नको. एका शॉटला तीन टेक, चौथा नाही.

एक_वीत_माइक

डबिंगबद्दल. सगळं डब करायचं म्हणजे १८० शब्द ओठांशी जुळवत बसायचं. नवशिक्यांना दोन तासिकांत ते होत नाही. आणि ओठ जुळवायच्या नादात मुलं वाक्य तोडून तोडून बोलतात. स्पॅनिशमध्ये एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीचा स्वर जोडून बोलतात, तो जोड मग येतच नाही.

डबिंग करायचंच तर पाठमोऱ्या शॉटला, दारामागच्या आवाजाला, फोनवरच्या बोलण्याला. पद्धत: मूळ वाक्य हेडफोनवर लागोपाठ तीन वेळा ऐकवायचं, चौथ्या वेळी त्याच लयीत बोलायचं. उच्चाराचा व्यायाम म्हणून एका गटाच्या एकाच दृश्याला हे देऊन बघा.

उलटं_प्रश्नचिन्ह

सबटायटल स्पॅनिशमध्येच करा, इंग्रजीत नको. आणि आपल्या लघुपटाचं नाही, शेजारच्या गटाच्या लघुपटाचं. संहिता न दाखवता, नुसतं ऐकून. मग ते संहितेशी ताडून बघायचं. जिथे फरक निघतो तिथे एक तर लिहिणाऱ्याचा कान चुकला, नाहीतर बोलणाऱ्याचा उच्चार. दोघांना बसवून ते ठरवू द्या, वीस मिनिटांचा श्रुतलेखनाचा तास आपसूक होतो.

मापं: एका वेळी दोन ओळी, ओळीत ४० अक्षरांच्या आसपास, पडद्यावर निदान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा. वाचायला सेकंदाला १५ अक्षरं धरा. दोघं एकाच सबटायटलमध्ये बोलत असतील तर दर ओळीला सुरुवातीला छोटी आडवी रेघ.

विंडोजवर सबटायटल एडिट हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. सेव्ह करताना एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे ना बघा, नाहीतर तिरक्या रेघांची अक्षरं आणि "न्य"चं अक्षर चौकोन होऊन बसतात. टाइप करायला कीबोर्ड "युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल" लावा: अवतरणचिन्हाची कळ आणि मग स्वर दाबला की रेघ येते, उजवा ऑल्ट आणि एन दाबलं की "न्य", उजवा ऑल्ट आणि प्रश्नचिन्हाची कळ (शिफ्टशिवाय) दाबली की सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह. उलटं चिन्ह विसरलं तर चूक धरा. मुलांना ते गमतीचं वाटतं पण लेखी परीक्षेतही ते लागतं.

एडिटिंगला जुन्या संगणकांवर शॉटकट बरं चालतं, डाविंची रिझॉल्व्ह त्यांना झेपणार नाही. सगळ्या क्लिप आधी एका फोल्डरमध्ये आणि मग तो फोल्डर हलवायचा नाही. पेनड्राइव्हवरून थेट काम करून पेनड्राइव्ह काढला की सॉफ्टवेअरला फाइली सापडत नाहीत. आणि प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे चित्रपट तयार झाला नाही, शेवटी एमपी४ एक्स्पोर्ट करावं लागतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती फाइल वर्गाच्या प्रोजेक्टरवर, स्पीकर लावून, एकदा चालवून बघा.

एडिसनकर

गुणांचं राहिलं. ४० गुण धरले तर: संहितेतला स्वतःचा वाटा १०, चित्रणातला उच्चार आणि आघात १०, प्रदर्शनानंतरचं तोंडी १५, सेटवर स्पॅनिश वापरलं का त्याचे ५. कॅमेरा, संगीत, इफेक्ट यांना शून्य. नाहीतर घरी चांगला संगणक असलेला गट पुढे जातो आणि बाकीची मुलंही इफेक्टमागे लागतात.

तोंडीसाठी त्यांच्याच लघुपटातली एक स्थिर चौकट पडद्यावर लावा आणि त्या मुलाला विचारा: इथे काय चाललंय, याच्या आधी काय झालं, हा माणूस कसा आहे, दप्तर त्याने परत का दिलं? दर मुलाला दोन मिनिटं, म्हणजे २८ मुलांना तासभर. ते बाराव्या तासिकेत बसणार नाही. दहाव्या-अकराव्या तासिकेत बाकीचे एडिटिंगला असताना एकेकाला बाहेर बोलवा. पुढे आयबीत (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमात) अब इनिशियो, म्हणजे नवशिक्यांच्या पातळीचं, स्पॅनिश घेणाऱ्यांना चित्रावरूनच तोंडी द्यावी लागते, त्याचीही ओळख होते.

पालकसभा

एक कागदी काम, चित्रणाच्या आधीचं. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी असं त्यात म्हटलं आहे. नुसतं "चित्रणाला हरकत नाही" असं लिहून घेऊ नका. फॉर्मवर तीन वेगळे चौकोन ठेवा: वर्गात दाखवणं, शाळेच्या कार्यक्रमात दाखवणं, इंटरनेटवर टाकणं. पालक बहुधा पहिल्या दोन्हींना हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही.

ज्याच्या घरून चेहऱ्याला नकार येईल त्याचा गट हात, सावल्या किंवा बाहुल्या वापरू शकतो. चिकणमातीच्या बाहुल्यांचं स्टॉप मोशन करायचं तर सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे वीस सेकंदांना २४०. त्यापुढे जाऊ नका, उरलेलं निवेदनावर काढा. संगीत मुलांच्या आवडीच्या गाण्याचं नको. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत परवानगी असलेले तुकडे मिळतात.

तिसरीभाषा

फॉर्म तीन चौकोनांचाच करते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागणी येणार हे नक्की, तिथे टाकावं का?

पालकसभा

नको. एकदा पुढे गेलं की ते कुठे फिरतंय हे शाळेच्या हातात राहत नाही, आणि एका गटात एका मुलाच्या घरून नकार असला तरी अख्खी फाइल अडते. पालकसभेच्या दिवशी वर्गात प्रोजेक्टरवर लावा, साडेसतरा मिनिटांचंच तर आहे. आणि एकेका पालकाला आपल्या मुलाच्या गटाची प्रत हवी असेल तर चौघांच्याही घरची संमती बघून पेनड्राइव्हवर द्या.